हृदयशस्त्रक्रियेत ओपिऑइड वेदनाशामके आणि रक्ताभिसरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपिऑइड म्हणजे मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामके. हे पान हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदर, निवासी डॉक्टर आणि भूलशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शेवटचे दोन प्रश्न रुग्णाच्या घरच्यांसाठी आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे मात्रा प्रौढांच्या आहेत आणि हिशेबासाठी वजन ६० किलो धरले आहे. तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळा.

फेंटानिल किंवा मॉर्फिन दिल्यावर बीपी उतरते, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर होतो का?

नाही. नेहमीच्या मात्रेत मॉर्फिन, फेंटानिल, सुफेंटानिल आणि रेमिफेंटानिल यांचा हृदयाच्या स्नायूच्या आकुंचनावर फारसा परिणाम होत नाही. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय बाहेर टाकते तो रक्ताचा वाटा) २५-३० टक्के असलेल्या रुग्णाच्या भुलीतही भूलतज्ज्ञ यांचा आधार घेतात तो याच कारणाने.

बीपी उतरते ते मेंदूमार्गे. वेदना, भीती, श्वासनळीतली नळी, थंडी यांमुळे शरीरात अ‍ॅड्रेनालिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन उसळत असते. त्याने रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात आणि नाडी वेगात चालते. ओपिऑइड मेंदूच्या तळाकडच्या केंद्रांवर काम करून हा जोर कमी करते. शिरा सैल पडतात, त्यांत रक्त साठते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते. त्याच वेळी व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून नाडी मंदावते. मॉर्फिनच्या बाबतीत हिस्टामिनची भर पडते.

व्यवहारात याचा अर्थ असा : ५० मायक्रोग्रॅम फेंटानिलने ज्याचे सिस्टोलिक १२० वरून ११० वर आले, त्याचे काही बिघडलेले नाही. तेवढ्याच मात्रेने ज्याचे १२० वरून ७५ वर आले, त्याचे ते १२० फसवे होते. त्या रुग्णाच्या शरीरात रक्त कमी होते, किंवा हृदयाभोवती रक्त साठत होते, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोरावर आकडा टिकून होता. अशा वेळी औषधाला दोष देऊन फाइलवर 'ओपिऑइड टाळा' असे लिहिणे ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मूळ रक्तस्राव तसाच राहतो, आणि वर रुग्ण रात्रभर दुखण्याने तळमळतो.

मॉर्फिनपेक्षा फेंटानिल 'हृदयाला सुरक्षित' असे का म्हणतात?

याला इतिहास आहे. १९६९ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एडवर्ड लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० मिलिग्रॅम, इतके मॉर्फिन शिरेतून देऊन रक्ताभिसरणाची मोजमापे प्रसिद्ध केली. महाधमनीच्या झडपेचा आजार असलेल्या रुग्णांत हृदयातून बाहेर पडणारे रक्त घटण्याऐवजी वाढले आणि रक्तवाहिन्यांचा रोध कमी झाला. हॅलोथेनसारखी भूल हृदयाला दाबून टाकत असे त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

पण भरपूर मॉर्फिनचे तोटेही लवकरच दिसले : बीपी एकदम पडणे, अंग लाल होणे, रक्त आणि सलाइन भरपूर लागणे, काहींना ऑपरेशनमधले आठवणे, आणि तासन्‌तास व्हेंटिलेटर. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे थिओडोर स्टॅन्ली आणि लिन वेबस्टर यांनी फेंटानिल आणि ऑक्सिजन यांवर दिलेल्या भुलीचा अभ्यास मांडला. त्यानंतर किलोमागे ५० ते १०० मायक्रोग्रॅम फेंटानिल ही हृदयशस्त्रक्रियेतली रूढ पद्धत झाली.

दोघांतला रक्ताभिसरणाच्या दृष्टीने खरा फरक हिस्टामिनचा. मॉर्फिन त्वचेतल्या आणि इतर ऊतींतल्या मास्ट पेशींतून हिस्टामिन बाहेर काढते. पेथिडिन आणि कोडीनही काढतात. फेंटानिल, सुफेंटानिल आणि रेमिफेंटानिल काढत नाहीत. हिस्टामिन किती सुटेल हे मात्रेइतकेच देण्याच्या वेगावर ठरते. म्हणून मॉर्फिन १० मिलिग्रॅम एका दमात ढकलणे आणि तेच १० मिलिग्रॅम अर्ध्या तासात थोडे थोडे देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या मात्रेच्या मॉर्फिनआधी एच-१ आणि एच-२ अशी दोन्ही प्रकारची हिस्टामिनरोधके एकत्र दिली तर बीपीची घसरण कमी होते. एकाच प्रकारच्या औषधाने तसा फायदा होत नाही, कारण रक्तवाहिन्यांवर दोन्ही प्रकारचे ग्राहक (हिस्टामिन जिथे चिकटून काम करते ते बिंदू) असतात.

फेंटानिल मोठ्या मात्रेत वेगाने दिले तर छाती आणि पोटाचे स्नायू ताठ होतात. मास्कने हवा जात नाही, ऑक्सिजन पडतो, सीव्हीपी (हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब) आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब चढतो. अननुभवी डोळ्याला तो हृदयाचा झटका वाटतो. उपाय स्नायू शिथिल करणारे औषध लगेच देणे हा आहे. ते सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवल्याशिवाय मोठ्या मात्रेचे फेंटानिल सुरू करू नये.

आज ऑपरेशनमध्ये किती देतात, आणि बीपी नेमके कुठे पडते?

आता बहुतेक ठिकाणी संपूर्ण ऑपरेशनसाठी फेंटानिल किलोमागे ५ ते १५ मायक्रोग्रॅम पुरते. सोबत सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन हा भुलीचा गॅस असतो. कारण सरळ आहे : ओपिऑइड वेदना थांबवते, पण शुद्ध हरपण्याची खात्री देत नाही. बीपी-नाडी शांत दिसणारा रुग्ण आत जागा असू शकतो, विशेषतः हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनदरम्यान हृदय-फुप्फुसांचे काम करणारे यंत्र) शरीर पुन्हा गरम करताना.

मात्रा विभागून द्यावी. भूल देताना किलोमागे ३ ते ५ मायक्रोग्रॅम, आणि उरलेले छातीचे हाड कापण्याच्या आधी. शिरेतून दिलेल्या फेंटानिलचा पूर्ण असर यायला ३ ते ५ मिनिटे लागतात. लॅरिंगोस्कोप तोंडात घालताना दिलेला डोस नळी टाकताना उपयोगी पडत नाही; नळी बसल्यावर, जेव्हा काहीच टोचत-कापत नसते, तेव्हा तो पोचतो.

हीच ती धोक्याची वेळ. नळी टाकल्यापासून पहिला काप घेईपर्यंत सेंट्रल लाइन, युरिन कॅथेटर, बीटाडीन, ड्रेपिंग यांत अर्धा तास सहज जातो. या काळात शरीराला उत्तेजना जवळपास शून्य आणि औषधाचा असर पूर्ण. पहाटे रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी घेतलेला, आदल्या रात्रीपासून उपाशी, लॅसिक्सवर (लघवी वाढवणारे औषध) असलेला रुग्ण याच अर्ध्या तासात हमखास खाली येतो. गॅसचा डायल कमी करा, टेबल थोडे डोक्याकडे झुकवा, १०० ते २०० मिली फ्लुइड द्या, बीपी चढवायला नाडी मंद असेल तर मेफेंटरमिन ३ ते ६ मिलिग्रॅम, नाडी ठीक असेल तर फिनाइलएफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम. फिनाइलएफ्रिन नाडी आणखी मंद करते हे लक्षात ठेवूनच ते निवडावे.

मिडाझोलाम (गुंगीचे औषध) आणि फेंटानिल एकत्र दिल्यावर बीपी दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त पडते. फेंटानिल एकटे हृदयाला धक्का लावत नाही हे वाक्य तिथे लागू होत नाही. भीती कमी करण्यासाठी आधी मिडाझोलाम दिले असेल तर फेंटानिल आणि प्रोपोफॉल दोन्ही कमी करा.

हार्ट-लंग मशीन न लावता केलेल्या बायपासमध्ये, हृदयाच्या मागच्या बाजूची ग्राफ्ट (रक्ताला नवी वाट देणारी रक्तवाहिनी) जोडताना हृदय उचलले जाते आणि बीपी पडते. ती घसरण हृदयाच्या बदललेल्या स्थितीची आहे. सर्जनशी बोलून हृदय खाली ठेवायला सांगणे हा तिथला पहिला उपाय आहे.

हार्ट-लंग मशीनवर औषध कुठे जाते?

मशीन सुरू होताच सर्किटमधल्या द्रवात रक्त पातळ होते आणि औषधाचे प्रमाण अचानक घटते. फेंटानिलचा काही भाग ऑक्सिजनेटरला (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) आणि नळ्यांना चिकटून बसतो. मशीनवर असताना फुप्फुसातून रक्त जवळजवळ फिरत नाही, त्यामुळे तिथे साठलेले फेंटानिल अडकून राहते आणि फुप्फुसे पुन्हा चालू झाली की रक्तात परत येते. थंड शरीरात यकृत औषध हळू मोडते. म्हणून मशीनवरून उतरताना फेंटानिलची पातळी अंदाजाने सांगता येत नाही. त्या वेळी मोठा डोस देणे टाळावे. रेमिफेंटानिलला यकृत लागत नाही, रक्तातली आणि ऊतींतली एस्टरेज विकरे ते मोडतात, पण थंडीत तेही हळू मोडते.

पेथिडिन, पेंटाझोसिन, ट्रामाडोल, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन यांचे काय?

सगळ्या ओपिऑइडना एकाच मापाने मोजू नये.

पेथिडिन या गटात वेगळे पडते. मोठ्या मात्रेत ते हृदयाचे आकुंचन खरोखर कमी करते, अ‍ॅट्रोपिनसारखा गुण असल्याने नाडी वाढवते, आणि किडनी बिघडलेली असेल तर त्याचा उपपदार्थ साठून फिट (आकडी) येते. हृदयशस्त्रक्रियेनंतर त्याचा एकच चांगला उपयोग आहे : थरथर थांबवण्यासाठी १२.५ ते २५ मिलिग्रॅम, हळू. थरथरीने शरीराची ऑक्सिजनची मागणी फार वाढते, तेव्हा हा छोटा डोस मोलाचा ठरतो.

पेंटाझोसिन या रुग्णांना देऊ नये. ते बीपी आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब दोन्ही वाढवते, डाव्या जवनिकेवरचा (हृदयाच्या मुख्य पंप-कप्प्यावरचा) भार वाढवते. शिवाय आधी फेंटानिल चालू असेल तर त्याचा असर अंशतः उलटवते.

ट्रामाडोल ५० ते १०० मिलिग्रॅम १५-२० मिनिटांत सलाइनमधून दिले तर रक्ताभिसरणाला त्याचा त्रास कमी होतो. वेगाने ढकलले की उलटी आणि धडधड. इथे एक धोका हृदयशस्त्रक्रियेतच विशेष भेटतो. मशीननंतर रक्तवाहिन्या सैल पडून नॉरअ‍ॅड्रेनालिनलाही दाद देत नाहीत तेव्हा काही युनिटांत मिथिलीन ब्लू देतात. मिथिलीन ब्लू हे मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला रोखते. त्यावर ट्रामाडोल किंवा पेथिडिन पडले तर सेरोटोनिन विषबाधा होऊ शकते : ताप, घाम, पायांत झटके, बीपीचे चढउतार. फेंटानिलनेही हे होऊ शकते, जरी कमी वेळा. रुग्ण नैराश्यावरच्या गोळ्या घेत असेल तर भूल देण्याआधीच फाइलवर ठळक लिहून ठेवा.

ब्युप्रेनॉर्फिनने रक्ताभिसरण फारसे हलत नाही, पण ते ग्राहकाला घट्ट चिकटते आणि नालोक्सोनने (ओपिऑइडचा असर उलटवणारे औषध) सहज सुटत नाही. मेथाडोन ईसीजीतले क्यूटी अंतर लांबवते, त्याने धोकादायक अतालता होऊ शकते. पोटॅशियम ४ च्या खाली, मॅग्नेशियम कमी, वर ओन्डान्सेट्रॉन आणि अ‍ॅमिओडारोन चालू, अशा रुग्णात ते नको.

फेंटानिलचे पॅच ऑपरेशननंतरच्या ताज्या वेदनेसाठी नाहीत. असर यायला अनेक तास लागतात, काढल्यावरही बराच काळ टिकतो, आणि उबदार ब्लँकेटखाली त्वचेतून जास्त औषध शोषले जाते. आधीपासून पॅच असलेला रुग्ण दाखल झाला तर पाठ, दंड, छाती सगळे तपासा आणि भूलतज्ज्ञांना सांगा.

कोणत्या झडपेच्या आजारात कशाची भीती जास्त?

महाधमनीची झडप अरुंद असेल तर रक्तवाहिन्या एकदम सैल पडणे वाईट. जाड झालेल्या हृदयाला कोरोनरी रक्तपुरवठा डायस्टोलिक दाबावर मिळतो. तो पडला की काही मिनिटांत हृदय थांबू शकते, आणि अशा रुग्णात छाती दाबून फारसे रक्त पुढे जात नाही. फेंटानिल चालते, पण हळू, आणि फिनाइलएफ्रिन किंवा नॉरअ‍ॅड्रेनालिन आधीच जोडलेले हवे. हीच झडप गळत असेल तर उलट : रोध थोडा कमी झालेला चांगलाच, पण नाडी ५०-५५ वर आली की प्रत्येक डायस्टोलमध्ये जास्त रक्त मागे येते. तिथे नाडी ८०-९० ठेवावी.

मायट्रल झडप संधिवाती तापाने अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनही भरपूर आहेत. त्यांना मंद नाडी मानवते, त्यामुळे ओपिऑइडचा तो गुण उपयोगी. त्यांचा शत्रू कार्बन डायऑक्साइड आहे. ऑपरेशनआधी खोलीत दिलेल्या झोपेच्या औषधाने श्वास मंदावला, कार्बन डायऑक्साइड वाढला, की फुप्फुसाच्या आधीच आवळलेल्या धमन्या आणखी आवळतात आणि उजवे हृदय हरते. अशा रुग्णाला वॉर्डात ओपिऑइड-मिडाझोलामचे मिश्रण देऊन ऑक्सिजनशिवाय, मॉनिटरशिवाय ट्रॉलीवर पाठवू नये.

टॅम्पोनाडचा (हृदयाभोवती रक्त साठून ते दाबले जाण्याचा) संशय असेल तर नळी टाकण्यासाठीही ओपिऑइडची सवयीची मात्रा देऊ नका. तिथे वेगवान नाडी आणि आवळलेल्या शिरा यांवरच रुग्ण जिवंत असतो.

आयसीयूत डोस कसा द्यावा?

थोडा, हळू, आणि पाहून. मॉर्फिन १० मिलिग्रॅम सलाइनने १० मिली करा, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम. १ ते २ मिली दोन-तीन मिनिटांत द्या, दहा मिनिटे थांबा, वेदना आणि श्वास पुन्हा मोजा. मॉर्फिनचा कळस यायला १५-२० मिनिटे लागतात; घाईने तिसरा-चौथा डोस दिला तर पहिले तीन एकदम अंगावर येतात. आपल्याकडे मॉर्फिनची १० आणि १५ मिलिग्रॅम अशी दोन्ही ताकदीची अँप्युल मिळतात, त्यामुळे लेबल दर वेळी वाचायचे.

फेंटानिलची २ मिलीची अँप्युल १०० मायक्रोग्रॅमची असते. एका वेळी २५ ते ५० मायक्रोग्रॅम. सतत द्यायचे तर ५०० मायक्रोग्रॅम ५० मिलीत : १ मिलीत १० मायक्रोग्रॅम. किलोमागे ताशी ०.५ ते १ मायक्रोग्रॅम म्हणजे ६० किलोला ताशी ३ ते ६ मिली. सत्तरीपुढे निम्म्याने सुरुवात करा. क्रिएटिनिन चढलेले असेल तर मॉर्फिनऐवजी फेंटानिल, कारण मॉर्फिनचा सक्रिय उपपदार्थ किडनीतूनच जातो. हृदयाचा पंप कमकुवत असेल तर यकृताकडे रक्त कमी जाते आणि फेंटानिलही रेंगाळते; औषधाच्या पंपाचा वेग सकाळ-संध्याकाळ पुन्हा ठरवा, एकदा लावून विसरू नका.

वेदना किती, हे बीपीवरून ठरवू नका. जागा रुग्ण ० ते १० मध्ये सांगेल, आणि पडून विचारू नका, खोकायला लावून विचारा. नळी असलेल्यासाठी सीपॉट ही मोजणी आहे : चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताण, व्हेंटिलेटरशी जुळणे, प्रत्येकी ० ते २. एकूण ३ किंवा जास्त आले तर वेदना धरून चाला.

डोस दिला आणि बीपी पडले. आता क्रमाने काय?

औषधाचा पंप थांबवा किंवा निम्मा करा, आणि लगेच कारण शोधायला लागा. आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्युसर (धमनीतला दाब मोजणारा भाग) सरकला आहे का ते पाहा, हाताने बीपी घ्या. मग छातीतले ड्रेन (साठलेले रक्त बाहेर आणणाऱ्या नळ्या). ताशी २०० मिलीच्या वर वाहत असेल तर सर्जनला फोन. वाहता ड्रेन अचानक कोरडा झाला आणि सीव्हीपी चढत असेल तर तो जास्त वाईट संकेत. ड्रेन गुठळीने बंद झाला असू शकतो. अशा वेळी ईको मागवा.

मग रिदम. एट्रियल फिब्रिलेशन सुरू झाले असेल तर आकडा त्यानेच पडला असेल. हातपाय गरम की थंड? गरम, नाडी भरलेली, सीव्हीपी कमी : रक्तवाहिन्या सैल आहेत. नॉरअ‍ॅड्रेनालिन किलोमागे मिनिटाला ०.०२ ते ०.०५ मायक्रोग्रॅमपासून. थंड, लघवी कमी, लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) चढते : रक्त कमी किंवा हृदयाचा पंप कमजोर. पाय ४५ अंश उचलून एक मिनिट पाहा. बीपी वाढले तर १०० ते २५० मिली फ्लुइड किंवा हिमोग्लोबिननुसार रक्त. पाय उचलून काही झाले नाही, सीव्हीपी आधीच १४-१५ आहे, तर बाटल्या चढवत बसू नका; हृदयाच्या पंपाला आधार लागेल.

शरीर तापत जाते तो काळही ध्यानात घ्या. ऑपरेशनहून आलेला रुग्ण ३५ अंशांवर असतो आणि पुढच्या तीन-चार तासांत गरम होतो. गरम होताना त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि तेवढ्यातच कोणीतरी ५० मायक्रोग्रॅम फेंटानिल देते. दोन्ही मिळून घसरण मोठी दिसते. या तासांत २५ मायक्रोग्रॅम पुरे.

बीपी सावरले की वेदनाशामक पुन्हा सुरू करायचे. हे वाक्य ऑर्डर शीटवर लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या शिफ्टला कोणी ते सुरू करत नाही.

नाडी ४० वर आली तर?

आधी बीपी आणि शुद्ध पाहा. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, अ‍ॅमिओडारोन किंवा डेक्समेडेटोमिडीन सोबत असेल तर फेंटानिलने नाडी मंद होणे अपेक्षितच आहे. एपिकार्डियल पेसिंग वायर (हृदयावर लावलेल्या, नाडीचा वेग ठरवणाऱ्या तारा) जोडलेल्या असतील तर ८० वर पेस करणे सर्वांत स्वच्छ उपाय. त्या नसतील तर अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम. ऑपरेशन थिएटरमध्ये हे स्नायू शिथिल करणाऱ्या व्हेक्युरोनियमसोबत जास्त दिसते, कारण ते नाडीला हात लावत नाही. पूर्वीचे पॅनक्युरोनियम नाडी वाढवून फेंटानिलची कसर भरून काढत असे.

बीपी चढलेले असेल तर आधी नायट्रोग्लिसरीन (बीपी उतरवणारे औषध) की वेदनाशामक?

आधी कारण. सिस्टोलिक १५० च्या पुढे म्हणजे ताज्या टाक्यांवर ताण आणि रक्तस्राव. पण तुंबलेला युरिन कॅथेटर, थरथर, कमी ऑक्सिजन, वाढलेला कार्बन डायऑक्साइड यांनीही बीपी चढते. हे पाहायला दोन मिनिटे लागतात. त्यातले काही नसेल तर वेदनाशामक द्या, मग गरज उरली तर नायट्रोग्लिसरीन. दुखणाऱ्या रुग्णाला नुसते नायट्रोग्लिसरीन चढवत नेले की नाडी १२० होते, आणि पुढे कोणीतरी वेदनाशामक दिले की दोन्ही औषधे मिळून बीपी ६० वर आणतात.

रेमिफेंटानिल वापरलेल्या रुग्णात ही चढण हमखास येते. पंप बंद केल्यावर ५ ते १० मिनिटांत असर संपतो आणि वेदना पूर्ण जोराने परतते. पंप थांबवण्याच्या २०-३० मिनिटे आधी मॉर्फिन दिलेले असायला हवे.

श्वास फार मंद झाला तर नालोक्सोन द्यावे का?

हवे तर द्यावे, पण पूर्ण अँप्युल एकदम कधीही नाही. बॅग-मास्कने श्वास द्या, रुग्णाला हलवून श्वास घ्यायला सांगा. नालोक्सोनची ०.४ मिलिग्रॅमची अँप्युल सलाइनने १० मिली करा, म्हणजे मिलीत ४० मायक्रोग्रॅम. १ मिली द्या, दोन-तीन मिनिटे थांबा, पुन्हा १ मिली. श्वास मिनिटाला १० च्या वर गेला की थांबा.

एकदम दिले तर वेदना, अ‍ॅड्रेनालिन आणि धडधड तिन्ही एका क्षणात परततात. बीपी २०० च्या पुढे, व्हेंट्रिक्युलर अतालता, फुप्फुसात पाणी, ग्राफ्टला रक्तपुरवठा कमी पडणे (इस्केमिया), हे सगळे नोंदवले गेलेले आहे. आणि नालोक्सोनचा असर तासाभरात ओसरतो, तर मॉर्फिनचा टिकतो. म्हणून निदान दोन-तीन तास रुग्णावरून नजर हलवू नका.

लाइन आणि सिरिंजमध्ये कोणत्या चुका होतात?

सर्वांत जास्त होणारी : नॉरअ‍ॅड्रेनालिन चालू असलेल्या ल्युमेनमधूनच (सेंट्रल लाइनमधला एक मार्ग) फेंटानिल ढकलणे. नळीत उभे असलेले नॉरअ‍ॅड्रेनालिन एकदम आत जाते, बीपी २२० होते, मग नळीत पुढचे औषध पोचेपर्यंत पोकळी राहते आणि बीपी कोसळते. वेदनाशामकाला वेगळा ल्युमेन ठेवा आणि त्यावर लेबल लावा.

दुसरी : वॉर्डात पाठवण्याआधी लाइन न धुणे. थ्री-वेमध्ये (लाइनचा तीन तोंडांचा जोड) राहिलेले फेंटानिल वॉर्डात अँटिबायोटिकसोबत आत जाते आणि मॉनिटर नसलेल्या खाटेवर श्वास थांबतो. तिसरी : मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत. ऑर्डरवर हा शब्द पूर्ण लिहा, संक्षेप नको. ओपिऑइडच्या सिरिंजला निळे लेबल ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, ती पाळा. उरलेले औषध साक्षीदारासमोर टाकून रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या. एनडीपीएस (अंमली औषधांच्या) कायद्याखाली हा हिशेब द्यावा लागतो.

लहान मुलांत काही वेगळे?

हो. फॅलो टेट्रालॉजी हा जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलाला निळे पडण्याचा झटका आला की मॉर्फिन किलोमागे ०.१ मिलिग्रॅम उपयोगी पडते; रडणे आणि धाप कमी होते, फुप्फुसाकडचा आवळलेला मार्ग सैल होतो. पण तेच बीपी पाडून निळेपणा वाढवू शकते, म्हणून गुडघे छातीशी, फ्लुइड आणि फिनाइलएफ्रिन तयार हवे. फुप्फुसाचा दाब जास्त असलेल्या बाळाला श्वासनळीत सक्शन करण्याआधी फेंटानिल द्यावे. सक्शनच्या वेदनेनेच दाबाचा जीवघेणा झटका येतो. नवजात बाळाला वेदना कळत नाही हा समज १९८० च्या दशकातल्या आणि १९९२ च्या अभ्यासांनी मोडून काढला : बाळांना ऑपरेशनमध्ये पुरेसे ओपिऑइड दिल्यावर ताणाची संप्रेरके कमी राहिली आणि गुंतागुंत घटली.

ओपिऑइड कमी करायचे तर काय वापरावे?

पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी, १५ मिनिटांत सलाइनमधून. नाजूक रुग्णात त्यानेही बीपी थोडे उतरते. छातीच्या हाडाजवळचा पॅरास्टर्नल ब्लॉक किंवा पाठीतला इरेक्टर स्पाइनी ब्लॉक चांगले काम करतो आणि बीपी हलवत नाही. एपिड्युरल उत्तम वेदनाशमन देते, पण हेपारिनमुळे मणक्यात रक्तस्रावाची भीती असते. डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक आणि त्या जातीची औषधे कोरोनरी बायपासनंतर लगेच देऊ नयेत. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, २००५ मध्येच तसा ठळक इशारा लावला आहे.

घरचे विचारतात : मॉर्फिनची सवय लागेल का, हृदयाला अपाय होईल का?

चार-पाच दिवस दुखण्यासाठी मोजून दिलेल्या औषधाने व्यसन लागणे फार दुर्मिळ. दुखणे दाबून ठेवल्याने मात्र नुकसान होते : रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो, नाडी वाढते. त्यामुळे रुग्णाला 'सहन करा' असे सांगू नका. घरी अफू, झोपेच्या गोळ्या किंवा व्यसनमुक्तीची औषधे चालू असतील तर ऑपरेशनआधी न लपवता भूलतज्ज्ञांना सांगा. अशा रुग्णाला औषध जास्त लागते आणि अचानक बंद झाले तर बीपी-नाडी चढते.

घरी ट्रामाडोलच्या गोळ्या दिल्या आहेत. काय सांभाळावे?

सोबत बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतात, म्हणून खाटेवरून उठताना आधी मिनिटभर पाय खाली सोडून बसा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथल्याने बीपी आधी चढते मग पडते आणि छातीच्या हाडावरही ताण येतो. पहिल्या दिवसापासून लॅक्टुलोज १५ मिली रात्री, पाणी डॉक्टरांनी ठरवून दिले तेवढे. दारू पूर्ण बंद. खोकताना छातीशी उशी घट्ट धरा. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास मिनिटाला ८-१० पेक्षा कमी असेल, किंवा उठताना चक्कर येऊन पडला असेल, तर पुढची गोळी देऊ नका आणि लगेच रुग्णालयात न्या. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या.